ॲडव्हेंचर गाडी घेण्याआधी: ब्रोशरचे आकडे आणि कोल्हापूरचे रस्ते

ॲडव्हेंचर गाडी, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारी उंच मोटारसायकल, विकली जाते हिमालयातल्या स्पितीच्या फोटोवर आणि चालवली जाते कावळा नाका ते गोकुळ शिरगाव. कोल्हापुरात अशी गाडी घेणाऱ्याचं वर्ष साधारण ठरलेलं असतं. सोमवार ते शनिवार एमआयडीसी नाहीतर ऑफिस, रविवारी जोतिबा-पन्हाळा, पावसाळ्यात गगनबावडा किंवा आंबा घाट, दिवाळीनंतर एकदा कोकण किंवा गोवा. यातलं निम्मं डबल सीट. यात कमीपणाचं काही नाही, कारण या गाड्या ज्यासाठी बनतात त्यातलं बरंचसं काम हेच आहे. फक्त ब्रोशरवरचे आकडे रिकाम्या गाडीचे असतात. ते तुमच्या पायांना, तुमच्या वजनाला आणि मागे बसणाऱ्या माणसाला लावले की काय उरतं, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. २०० ते ४५० सीसीच्या गाड्यांसाठी तो हिशेब कसा करायचा ते पाहू.

पाय पुरतात का

पहिली अडचण इथंच येते, आणि बहुतेक लोक ती शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर तपासून मोकळे होतात.

रॉयल एनफिल्ड हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिमीवर आहे आणि ती ८४५ पर्यंत वर घेता येते. सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि टीव्हीएस अपाचे आरटीएक्स ३०० या दोन्हींची ८३५. हिरो एक्सपल्स २०० ४व्ही ८२५ च्या आसपास, तर तिची प्रो आवृत्ती ८९१. आता स्वतःचं माप घ्या. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन्ही मांड्यांच्या मध्ये आडवं धरून वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावा. साडेपाच फुटांच्या आतबाहेरच्या माणसाचं हे माप ७५० ते ७८० मिमी येतं.

७६० धरू. बुटाचा तळ ३० मिमी, म्हणजे ७९०. तुम्ही बसलात की गाडी ३०-४० मिमी खाली बसते, म्हणजे ८२५ ची सीट ७९० च्या जवळ आली. कागदावर हिशेब जुळला. पण पाय सरळ खाली जात नाहीत, सीटच्या रुंदीला वळसा घालून जातात आणि त्यात ४०-६० मिमी खर्च होतात. म्हणून दोन्ही पंजे टेकतात, टाचा अधांतरी राहतात. सपाट डांबरावर एवढं चालतं. अडतं कुठं? साइडपट्टी खचलेल्या रस्त्यावर, जिथं डांबराच्या कडेपासून माती तीन-चार इंच खाली असते. उसाच्या ट्रॉलीला वाट द्यायला तुम्ही कडेला घेता, थांबता, डावा पाय खाली सोडता आणि खाली काहीच लागत नाही. १८०-१९० किलोची गाडी एकदा ठरावीक कोनापलीकडे कलली की ताकदवान माणसालाही ती धरून ठेवता येत नाही. या गाड्या वेगात पडतात त्यापेक्षा उभ्या-उभ्या जास्त पडतात.

म्हणून शोरूमच्या बाहेर, उतारावर बसून बघा. चढावर तोंड करून थांबा. उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवायचा असेल, तर गाडीचा सगळा भार एकट्या डाव्या पायावर येतो. तो जमत असेल तर सीटची उंची तुमच्यासाठी ठीक आहे.

बुटक्या सीटचा पर्याय कंपनीकडे असेल तर तो घ्यावा. २० मिमीनेसुद्धा फरक पडतो. मागच्या शॉकअपच्या लिंका बदलून गाडी खाली बसवण्याचा धंदा मात्र जपून. मागून ३० मिमी खाली घेतली आणि पुढून तशीच ठेवली तर हँडलचा कोन बदलतो आणि गाडी वळायला आळशी होते. गाडीच्या पोटाखालच्या जास्तीच्या अंतराचा फायदा जातो. आणि साइड स्टँड आता गाडीपेक्षा लांब ठरतो, त्यामुळे स्टँडवर ती जवळजवळ सरळ उभी राहते. वाऱ्याच्या एका झोताने किंवा सीटवर बॅग टेकवल्याने ती उजवीकडे आडवी होते. लिंका बदलल्याच तर फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) तितकाच वर ओढून घेणं आणि स्टँड कापून घेणं ही दोन कामं त्याच दिवशी करावी लागतात.

वजन आणि ताकद

हिमालयन ४५० टाकीत पेट्रोल धरून १९६ किलो, आरटीएक्स १८०, व्ही-स्ट्रॉम १६७, एक्सपल्स १६० च्या आसपास. या वजनात लोखंडी कठडे, पेट्यांच्या फ्रेमा, पेट्या काहीच नसतं. इंजिनाभोवतीचा कठडा चार-पाच किलो, दोन्ही बाजूंच्या फ्रेमा आणि रिकाम्या ॲल्युमिनियमच्या पेट्या मिळून आणखी दहा-पंधरा. उद्यमनगरात पाइप वाकवून कठडा झकास बनतो आणि स्वस्तही पडतो, पण तो इंजिनाच्या आणि फ्रेमच्या मूळ बोल्टांवरच बसला पाहिजे. पातळ पट्टीने टाकीखालच्या नळीला वेल्डिंग केलं, तर पडल्यावर कठडा वाचतो आणि फ्रेम वाकते.

आता ताकदीचा हिशेब. ब्रोशरवर दोन आकडे असतात, पीएस (अश्वशक्ती) आणि न्यूटन-मीटर (फिरवण्याचा जोर, म्हणजे टॉर्क), आणि प्रत्येकाच्या पुढे किती आरपीएमला ते लिहिलेलं असतं. लोक पहिला आकडा वाचतात आणि आरपीएम सोडून देतात. दोघांना जोडणारं सूत्र सोपं आहे: न्यूटन-मीटर गुणिले आरपीएम, भागिले ७०२४, म्हणजे पीएस.

हिमालयन ४५० चे ४० न्यूटन-मीटर ५५०० ला येतात. तिथं ती ३१ पीएस देते. तिचे छापलेले ४० पीएस ८००० ला येतात. केटीएम ३९० ॲडव्हेंचरच्या २०२५ च्या इंजिनाचे ३९ न्यूटन-मीटर ६५०० ला आणि ४६ पीएस ८५०० ला. उलटा हिशेब केला तर ८५०० लासुद्धा तिच्याकडे ३८ न्यूटन-मीटर शिल्लक दिसतात, म्हणजे ती वरच्या आरपीएमला दमत नाही. हिमालयन ८००० लाच ३५ वर आलेली असते, पण तिचा जोर हजार आरपीएम आधी हजर होतो. व्ही-स्ट्रॉमचे २२.२ न्यूटन-मीटर ७३०० ला. म्हणजे घाटात तिला गिअर खाली घेऊन इंजिन फिरवत ठेवावं लागतं. इंजिन त्यासाठीच बनलेलं आहे, त्याला काही होत नाही. ज्यांना चौथ्यातच निवांत चढायची सवय आहे त्यांना मात्र ते सतत ओरडल्यासारखं वाटतं.

किती ताकद लागते? चालवणारा ७५ किलो, मागचा ६५, सामान २०, गाडी १९६. एकूण ३५६. घाटरस्त्याचा नेहमीचा चढ वीसास एक धरला आणि वेग ६०, तर चढ, हवा आणि टायरचं घर्षण मिळून चाकावर साधारण ८ पीएस लागतात. सपाट महामार्गावर ८० च्या वेगाला जवळपास तेवढेच. १०० ला मात्र १३, आणि बाजूला पेट्या लावल्या तर १५ च्या पुढे, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्यासाठीची ताकद घनाने. चार पदरी रस्त्यावर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे. तेवढ्याला एक्सपल्सचे १९ पीएससुद्धा पुरतात. कमी पडतं ते दुसरीकडे: डबल सीट, ७० वरून ९० ला नेऊन ट्रक ओलांडायचा असेल तर शिल्लक लागते, आणि ती एक्सपल्सकडे थोडीच असते. १६० किलोच्या गाडीवर १६० किलोचा बोजा चढवला की एकूण वजन दुप्पट होतं. १९६ किलोच्या गाडीवर तोच बोजा ऐंशी टक्क्यांच्या आसपासच भर घालतो. एकट्याने घेतलेल्या टेस्ट राइडमध्ये हलकी गाडी जी चपळ वाटते, ती डबल सीट का मरगळते, त्याचं कारण हे आहे.

रोज एकट्याने ३० किलोमीटर आणि कधीतरी कच्चा रस्ता, असा वापर असेल तर ४५० ची गरज नाही, हे आमचं स्पष्ट मत. महिन्यातून दोनदा बायकोसह पुणे किंवा गोवा असेल तर २०० घेऊन हौस भागत नाही.

गाडी तुमच्या वजनाला बसवणं

सस्पेन्शनच्या बाबतीत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. ब्रोशरवर लिहिलेलं असतं २०० मिमी ट्रॅव्हल, म्हणजे चाक किती वर-खाली जाऊ शकतं. त्यातलं तुमच्या वाट्याला किती येतं हे मागच्या स्प्रिंगच्या प्रीलोडवर, म्हणजे ती आधीच किती दाबून बसवली आहे यावर ठरतं. कंपनी तो साधारण वजनाच्या एका माणसासाठी लावून पाठवते. ५५ किलोच्या पोरालाही तीच सेटिंग आणि ९५ किलोच्या पैलवानालाही तीच.

प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते असं गॅरेजमध्येसुद्धा सांगतात. तसं होत नाही. कॉटच्या पायांखाली विटा दिल्या तर कॉट उंच होते, गादी कडक होत नाही. प्रीलोडने गाडीची मागची उंची बदलते. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर आणि वेटोळ्यांवर ठरतो, आणि तो बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते.

मापायची पद्धत अशी. दोन माणसं आणि एक टेप लागतो.

मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या बरोबर वर, सीटखालच्या कव्हरवर चिकटपट्टीची खूण करा. एकाने गाडी साइड स्टँडवर कलती धरून मागचं चाक जमिनीवरून उचललं जाईल असं करायचं, दुसऱ्याने ॲक्सलच्या मध्यापासून खुणेपर्यंत माप घ्यायचं. समजा ६०० मिमी आलं. मग गाडी दोन्ही चाकांवर सरळ उभी करा, मागून दोन-तीनदा दाबून सोडा, माप घ्या. समजा ५८२. आता हेल्मेट, बूट, रोजची बॅग यांसह बसा, दोन्ही पाय फूटरेस्टवर, कुणीतरी हँडल धरलेलं. माप घ्या. समजा ५४१.

गाडी स्वतःच्या वजनाने १८ मिमी बसली आणि तुमच्यासह ५९. मागचा ट्रॅव्हल २०० असेल तर तुमच्यासह त्याचा तीस टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ६० मिमी हवा आणि रिकाम्या गाडीचा १५ ते २५. म्हणजे हे माप उत्तम. ६० च्या जागी ८० आले तर टूलकिटमधला आकड्यासारखा सी-पाना घेऊन शॉकअपची रिंग एक-दोन खाचा घट्ट करा आणि पुन्हा मापा. ४० आले तर सैल करा.

आता खरी मेख. तुमच्यासह ६० आणण्यासाठी प्रीलोड इतका वाढवावा लागला की रिकामी गाडी जेमतेम तीन-चार मिमीच बसते, तर स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. उलट रिकामी गाडीच ३५-४० बसत असेल आणि तुमच्यासह ६०, तर ती कडक आहे. सडपातळ लोकांना ‘ॲडव्हेंचर गाडी असून दणके देते’ असं वाटण्यामागे बहुधा हेच असतं. कुठल्याही खाचेने ते सुटत नाही.

डबल सीट बसताना काय होतं? मागच्या माणसाचा जवळजवळ सगळा भार मागच्या चाकावर येतो. प्रीलोड न वाढवता निघालात तर शेपूट खाली, नाक वर. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पुढचं चाक हलकं होतं आणि गगनबावड्यापुढच्या करूळ घाटातल्या वळणावर गाडी ठरवल्यापेक्षा बाहेर जाते. खड्ड्यात शॉकअप तळाला आदळतो, आणि त्याच आदळण्याने पुढे ऑइल सील जातं. एकट्याची खाच आणि डबल सीटची खाच रंगाच्या ठिपक्याने खूण करून ठेवली की पाच मिनिटांचं काम आहे. ज्या गाडीत रिंगपर्यंत पाना पोचायला साइड पॅनल काढावं लागतं, तिथं मालक हे कधीच करत नाहीत. म्हणून शोरूममध्येच बसून बघा, पाना कुठून जातो.

पुढचा फोर्क या किमतीत बहुधा जुळवता येत नाही, वरच्या मॉडेलमध्ये तेवढी सोय असते. डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगचं डोलणं थांबवणारा विरोध, तपासायला गावातला रंग न मारलेला स्पीडब्रेकर पुरतो: ३० च्या वेगाने ओलांडल्यावर गाडी एकदा वर, एकदा खाली होऊन शांत व्हायला हवी. तिसऱ्यांदा डोलली तर रिबाउंडचं, म्हणजे स्प्रिंग परत उसळतानाचं डॅम्पिंग कमी आहे.

याच ट्रॅव्हलचा चेनशी संबंध आहे आणि तिथं गॅरेजमध्ये हमखास चूक होते. चाक वर जाताना इंजिनाचं स्पॉकेट, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि मागचा ॲक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात ताणली जाते. लांब ट्रॅव्हलच्या गाडीत उभ्या स्थितीपासून ती रेष बरीच दूर असते, म्हणून चेन उभ्या गाडीवर ढिली दिसलीच पाहिजे. १५० सीसीच्या गाड्यांना २०-३० मिमी झोल ठेवणारा फिटर इथंही तसंच ‘टाइट’ करून देतो. मग डबल सीट खड्ड्यात गेलं की चेन तारेसारखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टचं बेअरिंग ओढलं जातं. नेमका आकडा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतो. तो फिटरला बोट ठेवून दाखवा.

चाकं, टायर आणि चिखल

पुढचं चाक २१ इंची की १९? २१ इंची चाक खड्ड्याच्या कडेवरून सहज चढतं, सातारा ते कागल सहापदरीकरणाच्या वळणरस्त्यांवर ते जाणवतं. १९ इंची शहरात आणि घाटाच्या वळणात चटकन झुकतं. हिमालयन, एक्सपल्स २१ वर, व्ही-स्ट्रॉम आणि आरटीएक्स १९ वर. ऐंशी टक्के डांबर असेल तर १९ ने काहीही अडत नाही.

तारांच्या चाकात ट्यूब असेल तर पंक्चर म्हणजे चाक उतरवणं. संध्याकाळी साळवणच्या पुढे पंक्चर झालं तर दोन टायर लिव्हर, ट्यूब, हवेचा छोटा पंप आणि ॲक्सलला बसणारा पाना जवळ हवा. २१ इंची एकच ट्यूब ठेवली तरी ती अडीनडीला मागच्या टायरमध्येही दुमडून चालते, गावात पोचेपर्यंत. ट्यूबलेस ॲलॉयला काडी मारून दहा मिनिटांत निघता येतं, पण खड्ड्याच्या धारदार कडेने रिम वाकली तर हवाच टिकत नाही. ट्यूबलेस तारांची चाकं दोन्ही अडचणी कमी करतात. पर्याय असेल तर पैसे तिथं घालावेत, एलईडी फॉग लाइटवर नंतर.

कोल्हापूर जिल्ह्यात दोन वेगळ्या माती आहेत आणि त्या टायरला वेगळ्या वागवतात. शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा इकडे तांबडी, जांभ्याची. ती ओली झाली तरी खाली टणक थर असतो, टायर पकडतो. शिरोळ, हातकणंगलेकडे काळी. ती भिजली की टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरत जाते आणि पुढचं चाक अक्षरशः फिरायचं थांबतं. चाकाला चिकटून असलेलं मडगार्ड अशा वेळी घात करतं. वर उचललेलं चोचीसारखं मडगार्ड त्यासाठीच असतं. गळीत हंगामात तर शेतातून बाहेर पडणाऱ्या ट्रॉल्या हीच माती डांबरावर आणून सोडतात, वरून पहाटेचं दव. तिथं कुठलाही ड्युअल पर्पज टायर घसरतो. सरळ राहा, इंजिन ब्रेकने वेग उतरवा, झुकू नका.

चिखलासाठी हवा चार-पाच पीएसआय कमी करता येते. त्याहून कमी केली तर ट्यूबच्या चाकात टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबची नळी मुळातून फाटते. डांबरावर आल्यावर पुन्हा भरायची.

मागचा एबीएस बंद करता येतो तो खडीच्या उतारासाठी. सैल खडीवर एबीएस चाकाला सारखं सोडत राहतो आणि गाडी थांबतच नाही. पुढचा चालूच राहतो, राहू द्यावा. डांबरावर परत आल्यावर मोड बदलायची सवय लावा.

साडेतीनशेची रेघ

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांना ४०. करापूर्वी दोन लाखांची गाडी रेघेच्या खाली २ लाख ३६ हजार आणि वर २ लाख ८० हजार. ४४ हजारांचा फरक निव्वळ कराचा. विम्यातही तीच रेघ आहे. २०२२ च्या अधिसूचनेतल्या दरांनुसार नव्या गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी हप्ता १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये आणि ३५० च्या वर १५,११७, जीएसटी वेगळा. ३९० किंवा ४५० घेणाऱ्याने हा फरक खरोखर कशासाठी मोजतोय ते वरच्या ताकदीच्या हिशेबात शोधावं.

पेट्रोलचं म्हणाल तर हिमालयनच्या १७ लिटरच्या टाकीला २८ चं ॲव्हरेज धरून पावणेपाचशे किलोमीटर, व्ही-स्ट्रॉमच्या १२ लिटरला ३४ धरून चारशे. कोल्हापूर-पणजी दोन्ही न थांबता. पंपावरचं वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल लिटरमागे सहा-सात टक्के कमी ऊर्जा देतं, कारण इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. आपल्याच उसाचं आहे, त्यामुळे तक्रार कुणाकडे करणार! ते पाणीही ओढतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवावी.

टेस्ट राइड कुठं घ्यावी

महामार्गावर तावडे हॉटेलपर्यंत जाऊन परत, एवढ्याने काही कळत नाही. शिवाजी पूल, वडणगे फाटा, केर्ली, वाघबीळ, पन्हाळा असा रस्ता मागा. जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर, आणि त्यात गर्दी, सरळ रस्ता, चढ, वळणं सगळं येतं. दुपारी जा. डबल सीट बसणारं माणूस बरोबर न्या आणि वाघबिळाचा चढ त्यांना घेऊनच चढा. तिसऱ्या गिअरमध्ये ३५ ला इंजिन हिसके न देता ओढतं का, ते बघा. मागच्याला विचारा: गुडघे किती दुमडले, धरायला काय आहे, ब्रेक मारल्यावर तुमच्यावर घसरतात का.

परत आल्यावर दाभोळकर कॉर्नर ते बिंदू चौक गर्दीतून सावकाश जा. रेडिएटरचा पंखा सुरू झाला की गरम हवा कुठं येते, मांडीवर की बाजूला, ते इथं कळतं. उभं राहून चालवताना हँडल फार खाली येत असेल तर कच्च्यावर पाठ दुखेल. विंडस्क्रीनची परीक्षा ८० च्या वेगाला: हेल्मेट थरथरलं तर काच तुमच्या उंचीला चुकीची, आणि हवा सरळ छातीवर आली तर ते एका अर्थी बरं.

जुनी घेत असाल तर

कोल्हापुरात जुन्या गाडीला एक वेगळी तपासणी लागते. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात असंख्य गाड्या पाण्यात होत्या. त्याआधीच्या किंवा त्या काळातल्या हिमालयन ४११, एक्सपल्स, पहिल्या ३९० ॲडव्हेंचर बाजारात येतात. एअर फिल्टरचा डबा उघडून कोपऱ्यात बारीक गाळाची रेघ आहे का बघा. सीटखालचे वायरचे जोड सोडवून हिरवट गंज शोधा. हेडलाइटच्या आत वाफ, मीटरच्या काचेमागे पिवळट डाग. इंजिन ऑइल दुधाळ दिसलं तर तिथूनच परत फिरा.

पुढचं चाक उचलून हँडल हळूच दोन्हीकडे फिरवा. बरोबर मध्यावर खट्ट करून अडलं तर कोन सेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) गेला आहे, खड्ड्यांच्या रस्त्यावर तो ठरलेलाच. इंजिनाखालच्या संरक्षक प्लेटवरचे ओरखडे चालतात, पण इंजिनाच्या बोल्टापर्यंत दबलेली प्लेट चालत नाही. कॅरियरच्या मुळाशी रंग फुटून बारीक चीर दिसते का ते टॉर्चने पाहा. जास्त सामान बांधलेल्या गाडीची फ्रेम तिथंच तुटते.

पाण्यातून जाण्याबद्दल एकच. राजाराम बंधाऱ्यावर पाणी आलं की कितीही उंच गाडी असो, प्रवाह चाकाला बाजूने ढकलतो, आणि गाडीच्या पोटाखालच्या २२०-२३० मिमी अंतराचा तिथं काही उपयोग नाही. थांबलेल्या पाण्यात इंजिन बुडून बंद पडलं तर स्टार्टर दाबू नका. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्पार्क प्लग काढून पाणी उडवायचं.

नवी गाडी घरी आल्यावर

कठडे आणि पेट्या ऑर्डर करण्याआधी प्रीलोड स्वतःच्या वजनाला लावा, क्लच-ब्रेकचे लिव्हर बोटांच्या रेषेत फिरवून घ्या, उभं राहून चालवणार असाल तर हँडल क्लॅम्पमध्ये थोडं पुढे फिरवा. सामानाच्या क्रमात खालची संरक्षक प्लेट पहिली, हँडगार्ड दुसरे, रेडिएटरची जाळी तिसरी. बाकी सावकाश.

पहिल्या सर्व्हिसला ऑइल आणि फिल्टर ते बदलतातच. न सांगता जे सुटतं ते दोन: कोन सेटचा नट पुन्हा कसणं आणि तारा तपासणं. तारांच्या नव्या चाकात पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये तारा थोड्या बसतात. पान्याच्या टोकाने एकेक तार वाजवत चाक फिरवा. सगळ्या एका सुरात टणटणल्या पाहिजेत. एखादी मध्येच ठक्क आवाज देत असेल तर ती ढिली आहे, आणि तिच्या शेजारच्या दोन तिचा भार घेऊन पुढच्या खड्ड्यात तुटायच्या तयारीत आहेत. जॉब कार्डवर ‘स्पोक टेन्शन’ असं लिहून घ्या आणि गाडी ताब्यात घेताना चाक पुन्हा एकदा वाजवून बघा.